भावाच्या बँडची नोंद

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेलं मंगल कार्यालय जागं होतं. आधी मांडववाल्याचा टेम्पो येतो, मग पाण्याचा टँकर, मग कढया आणि पातेली. आणि मग ती गाडी येते, जिच्यावर माणसाएवढे स्पीकर एकावर एक रचलेले असतात. साताऱ्यात लेकीकडं राहायला आल्यापासून माझी लग्नसराई अशीच सुरू होते. तो आवाज सुरू झाला की मांडणीवरची ताटं आपली आपण थरथरायला लागतात. लेक खिडक्या लावून घेते आणि म्हणते, "आई, कान झाक." कान झाकून काय होणार? तो आवाज कानातनं येतच नाही, तो पायातनं वर चढतो.

मागच्या आठवड्यात मात्र निराळंच झालं. सकाळी मेथी निवडत बसले होते आणि लांबून क्लॅरिनेट ऐकू आलं. जुडी तशीच टाकून गॅलरीत गेले. सहाच माणसं होती. लाल कोट, कोटावरची जर काळी पडलेली, एकाच्या मापाची टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर. सिनेमातलंच काहीतरी वाजवत होते. पण तो क्लॅरिनेटवाला म्हातारा मधेच एखादा सूर जरा जास्त वेळ धरून ठेवायचा, सोडावासा वाटत नसल्यासारखा. तेवढ्यावर मी गॅलरीतच खाली बसले. लेकीला वाटलं चक्कर आली.

चक्कर नव्हती. एक लग्नसराई आठवली होती. तिच्याबद्दल मी आजवर कुणाशी नीट बोललेले नाही. बोलायची हौस मला किती आहे हे ओळखीची माणसं जाणतात, त्यामुळं एवढी वर्षं गप्प बसणं मला किती जड गेलं असेल ते तुम्हीच समजा.

तेव्हा मी सांगलीत होते. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. माझे मालक टेलिफोन खात्यात लाइनमन होते. ते गेल्यावर मला एस.टी.डी. बूथ मिळाला. काचेचं दार, आत एक स्टूल, लाल आकडे पळवणारं मीटर आणि डोक्यावर एवढासा पंखा, जो वारं कमी आणि आवाज जास्त द्यायचा. रिसीव्हरला दिवसभर शंभर तोंडांचा वास यायचा, पान, तंबाखू, कांदा, कुणाचं रडणं. मी दर तासाला तो ओल्या फडक्यानं पुसायची. सातवीपर्यंतच शाळा झालेली माझी. इंग्रजी मी शिकले ती टेलिफोनच्या जाड डिरेक्टरीतून. नावं वाचत गेले, अक्षरं लागत गेली.

आणि बँडवाले. त्या काळात बँडवाल्यांच्या घरी कुठले फोन? पण व्हिजिटिंग कार्डावर नंबर तर पाहिजे. मग ते कार्डावर माझ्या बूथचा नंबर छापायचे, पुढं कंसात पी.पी. म्हणजे हा नंबर माझा नाही, पण इथं फोन केलात तर मला निरोप मिळेल. कवठेमहांकाळपासून विट्यापर्यंत आणि तिकडं कराडपर्यंत किती बँडांच्या कार्डांवर माझा नंबर होता, मलाच ठाऊक नव्हतं. लग्नसराईत फोन खणखणायचा. "बाई, तो तासगावचा बँड मिळंल का?" तो नसला तर मी दुसरा सुचवायची. नुसता सुचवायची नाही हं, पोरीला स्थळ सुचवावं तशी. गाव केवढं, वरात किती लांब, नवरा मुलगा घोड्यावर की जीपमध्ये, म्हाताऱ्या जास्त की तरुण पोरं जास्त, सगळं विचारायची आणि मग सांगायची, "तुमच्याकडं त्या अमक्याचा बँड चालंल, त्यांचा ढोल जरा जोरात असतो." बँडवाल्यांच्या भाषेत काम ठरण्याला सुपारी म्हणतात. माझ्या बूथवर बसून मी किती सुपाऱ्या जमवल्या असतील! त्याचं मला काही नको असायचं. लग्नात वाजणारं मी जमवलंय, एवढ्यावर माझी छाती फुगायची.

या सगळ्या बँडांत एक माझ्या भावाचा.

नामदेव माझ्याहून चार वर्षांनी लहान. कुंडलच्या बाजूचं आमचं गाव. त्याच्या वाजवण्याची गोष्ट सांगायची तर आधी वडलांची सांगावी लागते. आमचे वडील गावकीत डफडं वाजवायचे. जत्रा असो, कुणाचं लग्न असो, कुणाची तिरडी असो, बोलावणं आलं की जायचं, सांगतील तिथं उभं राहायचं, हात दुखला तरी थांबा म्हणेपर्यंत थांबायचं नाही. छप्पन साली आमच्या लोकांनी बुद्धाचा धर्म घेतला. त्यानंतर एका दिवशी वडलांनी डफडं चुलीपुढं आणलं, त्याचं कातडं विळ्यानं कापलं आणि लाकडी कडं चुलीत सारलं. मी दहा वर्षांची होते. जळणाऱ्या लाकडापेक्षा त्या कातड्याच्या कापण्याचा आवाज मला जास्त आठवतो. वडील एवढंच म्हणाले, "आजपासनं आपल्या घरातलं कुणी दुसऱ्याच्या हुकमानं वाजवणार न्हाई. आन् कुणी इचारलं कोण तुमी, तर मान वर करून सांगायचं."

नामा मोठा होऊन पलटणीत गेला. तिथं त्याला बँडात घातलं, क्लॅरिनेट हातात दिलं. पंधरा वर्षांनी निवृत्त होऊन आला तो बरोबर ते काळं लाकूड घेऊनच. बँड काढतो म्हणाला तेव्हा वडील आठ दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. नामा म्हणाला, "दादा, हे डफडं न्हवं. हितं मी सुपारी घेतो, कपडा घालतो, माझ्या टायमाला सुरू करतो आन् माझ्या टायमाला बंद करतो. मला कोण हुकूम करतंय?" वडलांनी शेवटी मान हलवली. पटलं म्हणून की दमले म्हणून, कोण जाणे.

बँड बारा जणांचा. थंडीतल्या सकाळी पितळी तोंड ओठाला लावलं की ओठ चिकटायचा, म्हणून ती माणसं भोंगे काखेत धरून ऊब देत बसायची, तान्ही पोरं धरल्यासारखी. क्लॅरिनेटच्या तोंडाशी लागते ती बोरूची पातळ पत्ती नामा तोंडात धरून भिजवायचा आणि तेवढा वेळ त्याला बोलता यायचं नाही. सगळे तेवढ्यात त्याची चेष्टा करून घ्यायचे. चिंच आणि मीठ लावून घासलेल्या पितळेचा तो आंबूस वास माझ्या नाकात अजून आहे. आणि एक त्याची स्वतःची चाल होती. पलटणीत असताना बर्फात पहाऱ्यावर उभं राहून सुचलेली, असं तो सांगायचा. तिला शब्द नव्हते, नाव नव्हतं. बँडवाले तिला नुसतं 'मास्तरची चाल' म्हणायचे. ती सुरू झाली की नाचणारी पोरं थांबायची आणि कडेला बसलेली म्हातारी माणसं उठून पुढं यायची. असं मी दुसऱ्या कुठल्या चालीला झालेलं बघितलं नाही.

आता जे सांगायचं ते इथंच सांगते. कुंडल-पलूसकडं नामाला सगळे ओळखायचे. पण त्याचं निम्म्याहून जास्त काम साताऱ्याकडं असायचं, औंध, रहिमतपूर, कोरेगावच्या बाजूला. तिकडच्या कार्डावर 'मास्टर नामदेव, मिलिटरी रिटायर्ड' एवढंच. आडनाव नाही, गल्ली नाही. कुणी विचारलंच तर तो म्हणायचा, "आमी पलटणीची माणसं." त्यावर लोक सलाम ठोकायचे आणि विषय संपायचा. मला हे माहीत होतं. माहीत असून मी त्या गोष्टीकडं कधी नीट बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर वडलांचा शब्द आठवला असता.

माझ्या बूथच्या शेजारी मालतीबाईंचा कॉम्प्युटर क्लास होता. त्या मिरजेच्या एका ब्राह्मण घरातल्या, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. बोलायला कमी, ऐकायला पक्क्या, म्हणून आमचं जमलं. त्यांच्याकडं इंटरनेट आलं त्या दिवशी मला हाक मारली. तो मोडेम जोडताना काय किंचाळायचा! मी म्हटलं, "अहो, ह्याला कुणीतरी नवशिक्यानं फुंकलंय." तर त्यांनी मला एक पान दाखवलं. आपल्याच भागातला कुणी इंजिनियर अमेरिकेत बसून यादी करत होता, महाराष्ट्रातले बँड, बँजो पार्ट्या, भजनी मंडळं, शाहीर. रकाने भरून पाठवले की नाव लागायचं. जगात कुठूनही कुणी शोधलं की सापडणार.

मला काय झालं ते सांगू? वाटलं, हे तर माझंच काम आहे. मी काचेच्या खोक्यात बसून करतेय तेच, पण केवढ्या मोठ्या पी.पी. नंबरावर!

त्या हिवाळ्यात रोज दुपारी, बूथला जरा सुस्ती आली की मी मालतीबाईंकडं जाऊन बसायची. मी सांगायची, त्या इंग्रजीत टाइप करायच्या. बँडाचं नाव, गाव, माणसं किती, वाद्यं कुठली, फोन माझा. एकेका बँडाला चार ओळी. नामाचा बँड मी मुद्दाम शेवटी ठेवला होता, आणि त्याच्या वेळेला चार ओळींवर माझं भागेना. शेवटचा रकाना होता बँडाची माहिती. मी सुरू केलं, वडलांपासून. डफडं कसं कापलं. कुठला धर्म घेतला आणि का. नामाचं पूर्ण नाव, आडनावासकट. कुठली वस्ती. पलटण, बर्फ, चाल. चौदा एप्रिलला तो जयंतीला कसा वाजवतो.

मालतीबाईंचा हात थांबला. त्या म्हणाल्या, "यमुनाताई, हे असंच लिहायचं?"

मी म्हटलं, "का हो? तुमचा हात का थांबला? आमचं नाव लिहायला जड जातंय?"

कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाल्या बिचाऱ्या. म्हणाल्या, "तसं नाही. भावाला विचारलंत का?"

"माझ्या घरची गोष्ट आहे. माझ्या बापाची आहे. विचारायचं काय त्यात?"

त्यांनी लिहिलं. त्या दिवशी मी त्यांना शहाणपण शिकवलं अशा तोऱ्यात बूथवर परत आले. आता इतक्या वर्षांनी वाटतं, त्यांच्या थांबलेल्या हाताला माझ्या चालत्या तोंडापेक्षा जास्त कळलं होतं.

आणि काय सांगू, यश आलं! माघात अमेरिकेतून फोन आला. औंधाच्या बाजूचा एक मुलगा, राजेंद्र नाव, तिकडं नोकरीला होता, लग्नाला गावी येणार होता. म्हणाला, "मावशी, तुमच्या भावाचं सगळं वाचलं मी. माझ्या लग्नात सिनेमातली गाणी नकोत. मला त्यांची ती चाल पाहिजे, बर्फातली." बूथमध्ये उभी असलेली माणसं बघत राहिली, कारण मी रिसीव्हर धरून हसतेय की रडतेय ते त्यांना कळेना. अमेरिकेतल्या माणसाला माझ्या भावाची चाल पाहिजे! नामाला निरोप धाडला. तो सांगलीला आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. सगळं म्हणजे लग्न, मुलगा, चाल. पानावर काय लिहिलंय ते सांगितलं नाही. लपवलं असं नाही. मला ते सांगण्यासारखं वाटलंच नाही.

त्या लग्नाला राजेंद्रनं मलाही बोलावलं होतं. बँडाच्या जीपमध्ये मी पुढं बसले, मागं वाद्यं आणि माणसं कोंबलेली. मोठा ढोल वाजवणारा बाबू होता, त्याचं पोट ढोलाएवढंच. तो मागून ओरडला, "आक्का, त्या इंटरनेटवर माझं प्वाट दिसतंय का?"

मी म्हटलं, "न्हाई रं, मावलं न्हाई."

सगळी जीप हसली. पत्ती तोंडात धरलेला नामासुद्धा नाकातनं हसला. डोंगर उतरताना सकाळची थंडी होती, उसाच्या गुऱ्हाळांचा वास येत होता. त्या जीपमधल्या हसण्याची मला नंतर फार लाज वाटली. का ते नीट सांगता येत नाही.

मांडवात सकाळी नाश्ता चालला होता. बँडवाल्यांनाही सगळ्यांबरोबर पंगतीत बसवलेलं. नामा ह्या गावात आधी आलेला होता, दोन वर्षांमागं राजेंद्रच्या चुलतभावाच्या लग्नात. लोक ओळख देत होते, कुणी त्याच्या तळहातावर आपल्या डबीतला चुना ठेवत होतं. राजेंद्रचे मोठे चुलते निवृत्त हेडमास्तर, गोरेपान, पांढरे कपडे. राजेंद्रनं अमेरिकेतून येताना माझं ते पान छापून आणलं होतं आणि कौतुकानं त्यांच्या हातात दिलं होतं. हेडमास्तर उभे राहिले, चष्मा चढवला, म्हणाले, "मंडळी, आपल्या लग्नातला बँड साधा नाही. जगाच्या यादीत त्यांचं नाव आहे. ऐका."

आणि इंग्रजी वाचत वाचत ते मराठीत सांगू लागले.

माझी वाक्यं होती ती. पहिल्यांदा मला काय अभिमान वाटला! सातवी शिकलेल्या बाईचं लिहिलेलं हेडमास्तर वाचतायत आणि मांडव ऐकतोय. मास्टर नामदेव, क्लॅरिनेट, पंधरा वर्षं देशसेवा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी आडनाव वाचलं. मग "यांचे वडील गावकीत..." इथं त्यांचा आवाज सावकाश झाला. डोळे पुढं पळत होते, तोंड मागं राहिलं होतं. कागदावरचं पुढचं त्यांना दिसलेलं मला त्यांच्या तोंडावर दिसलं. त्यांनी कागदाची घडी घातली, आणखी एक घडी घातली, खिशात ठेवला आणि म्हणाले, "बरं, चहा घ्या सगळ्यांनी. उशीर होतोय."

एवढंच. कुणी ओरडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. फक्त पंगतीत नामाच्या डाव्या बाजूला बसलेला माणूस चहा आणायला म्हणून उठला आणि परत आला तो दुसऱ्या टोकाला बसला. नामानं माझ्याकडं बघितलं. मी पोह्यांच्या बशीकडं बघितलं.

लग्नाआधी नवऱ्या मुलाला वाजतगाजत देवदर्शनाला नेतात, आमच्याकडं त्याला परण्या म्हणतात. बँड पुढं, मागं घोडा, मग बायका. बँडानं देवळाच्या पटांगणात जाऊन उभं राहायचं आणि नवरा पाया पडून येईपर्यंत वाजवायचं, ही रीत. नामाची माणसं कमानीपाशी आली तेव्हा हेडमास्तर आडवे उभे होते. हसून, हात जोडून.

"मास्तर, एक विनंती आहे. तुम्ही इथंच थांबा. आत येऊ नका."

नामा म्हणाला, "का वो? मागच्या टायमाला तर आमी आतच..."

"मागच्या वेळचं सोडा. आत जागा कमी आहे."

मी बायकांतून पुढं झाले. म्हटलं, "जागा कमी? या पटांगणात तुमची सगळी जत्रा मावते, सर."

त्यांनी आवाज खाली आणला. "यमुनाताई, तुम्ही समजदार आहात. मला स्वतःला काही नाही. पण गाव आहे. आणि लिहून तर तुम्हीच कळवलंत."

मागून कुणीतरी दुसऱ्याला विचारत होतं, "म्हंजे, दोन वर्सामागंबी ह्येच हुते व्हय आत?" त्या प्रश्नातली भीती मी विसरले नाही. दोन वर्षं त्यांच्या देवाला काही झालं नव्हतं, पण आता व्हायला लागणार होतं.

मी नामाचा हात धरला. "चल. गाडीत बस. बारा माणसं गाडीत बसतील. त्यांचं लग्न त्यांनी तोंडानं वाजवावं."

नामानं हात सोडवून घेतला. "आक्का, गप. सुपारी घेतलीय मी."

"अरे पण..."

"नवऱ्या पोराचा काय गुन्हा हाय?" मग तो आपल्या माणसांकडं वळला, पलटणीतल्या आवाजात त्यांना ओळीत उभं केलं आणि कमानीबाहेर, उन्हात, वाजवायला सुरुवात केली. सिनेमातली गाणी. एकामागून एक, सगळ्या लग्नांत वाजतात ती. सूर एकही चुकला नाही. मी ऐकत उभी होते. एकही सूर त्यानं जरा जास्त धरून ठेवला नाही.

राजेंद्र दर्शन घेऊन बाहेर आला. मुंडावळ्या डोळ्यांवर आलेल्या. घोडा थांबवून म्हणाला, "मास्तर, ती तुमची चाल? ती राहिली की." त्याला काय झालं ते माहीत होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. आवाज मात्र खाली गेला होता.

नामा म्हणाला, "ती आता मला येत न्हाई, सायेब."

राजेंद्रनं मुंडावळ्या बाजूला केल्या आणि मग घोडा पुढं गेला. बँड लग्न लागेपर्यंत वाजला. जेवणाची पानं त्यांना जीपमध्ये आणून दिली गेली. बाबूनं पान तसंच खाली ठेवलं. त्याच्याबद्दल त्या दिवशी कुणी विनोद केला नाही.

परतीची जीप विट्याला आली. नामा क्लॅरिनेटचे तुकडे सोडवून एकेक फडक्यानं पुसत होता. मग समोर बघतच त्यानं विचारलं, "काय लिवलंवतंस?"

मी सांगितलं. सगळं. या वेळेला खरोखर सगळं.

"ते पुसता येतं का?"

आणि मी काय बोलले बघा. भाऊ कमानीबाहेर उभा राहून आलेला, आणि मी म्हटलं, "का पुसायचं? त्यात खोटं काय हाय? दादांनी काय सांगितलंवतं? मान वर करून सांगायचं."

"खोटं न्हाई," नामा म्हणाला. "पण ते माझं हुतं, आक्का. कुणाला सांगायचं, कवा सांगायचं, ते माझं हुतं. दादांनी आपलं डफडं आपल्या हातानं कापलं. माझं तू कापलंस."

मी सांगलीत, काचेच्या खोक्यात, पंख्याखाली बसलेली. माझ्याशी माणसं दोन मिनिटं बोलायची आणि जायची. मान वर करायला मला कधी काही मोजावं लागलं नव्हतं. तो बारा घरांची चूल घेऊन परक्या गावांत जात होता. हे मला त्या जीपमध्ये कळलं असं म्हणणार नाही. तेव्हा मी रागावून खिडकीबाहेर बघत बसले. कळायला ती उरलेली सगळी लग्नसराई लागली.

कारण त्या मांडवातली गोष्ट गावोगाव पोचली आणि पुढचे फोन माझ्याकडंच आले ना! मीच तर पी.पी. "बाई, मास्तरांना सांगा, तारीख पुढं गेलीय." "मुलीकडच्यांनी दुसरा बँड ठरवलाय हो." "आमचं साधेपणानं करायचं चाललंय." एकजण मात्र खरं बोलला: "आवं आक्का, आमाला काय न्हाई, पण देवळाचं असतंय." साताऱ्याकडच्या सगळ्या सुपाऱ्या अशा एकेक करून माझ्या कानातून गेल्या, आणि एकेक निरोप मीच नामाला धाडला. काचेबाहेर चैत्राचं ऊन, रस्त्यावरून दुसऱ्यांच्या वराती, दुसऱ्यांचे बँड. त्यातले कितीतरी माझ्याच यादीतले. त्यांना कामं वाढली होती. माझी यादी चालत होती. चार ओळींची सगळी नावं सुखात होती.

एक चांगला फोनही आला, खोटं कशाला बोलू. लांबच्या एका गावातून, आपल्याच माणसांचा, पान वाचून. जयंतीला या म्हणाले. नामा गेला. त्यांनी त्याला शाल घातली, चाल दोनदा वाजवायला लावली. परत आल्यावर मला म्हणाला, "लय मान दिला. पण जयंती वरसातनं एकदा येती."

मालतीबाईंकडं मी मान खाली घालून गेले. त्यांनी मला एका शब्दानं टोचलं नाही, लगेच त्या इंजिनियरला पत्र पाठवलं. उत्तर आलं ते पावसाळ्यात. यादी आता दुसरं कुणी बघतं म्हणे. त्या दुसऱ्याचं उत्तर कधी आलंच नाही. आणि तोवर आणखी दोन-तीन याद्या निघाल्या होत्या, त्यांनी पहिलीवरून सगळी माहिती उचललेली. मालतीबाई एकेक पान उघडून दाखवायच्या. सगळीकडं माझीच वाक्यं. डफडं, कातडं, चूल. मी त्यांना विचारलं, "आता?" त्यांनी पडद्यावर हात ठेवला, जणू झाकल्यानं झाकलं जाईल.

नुसत्या कुंडल-पलूसकडच्या कामावर बारा घरं चालेनात. पुढच्या तुळशीच्या लग्नापर्यंत बँड उरला नव्हता. बाबू साखर कारखान्यावर गेला. दोघं मुंबईला गेले. भोंगे मोडीत गेले की कुणी घेतले, मी विचारलं नाही. नामाला पलटणीच्या कागदांवर एका गोडाऊनची राखण मिळाली. तिथं वाजवायला कुणी मनाई केली नव्हती. पण कुणी ऐकलं असं मला कधी कळलं नाही. पी.पी. नंबर असलेली कार्डं पुढं बरीच वर्षं लोकांच्या खिशात होती. बूथ बंद केला त्या आठवड्यातही एका माणसाचा फोन आला, "तो मिलिटरीवाला बँड मिळंल का?" मी म्हटलं, राँग नंबर.

माझं चुकलं का? कधी वाटतं, चूक त्या कमानीची, माझी कशाला? वडलांचं खरं होतं, मी लिहिलेलं खरं होतं, आणि जे खरं सांगून बुडतं ते बुडू द्यावं. दिवसभर मी हे स्वतःशी बोलते, आणि बोलता बोलता त्याचा तो आवाज ऐकू येतो, उन्हात उभं राहून सूर न धरता वाजवलेला. मग माझं बोलणं बंद पडतं. कमान त्यांची होती. पण भावाला तिच्यापुढं नेऊन उभा करणारी मी होते, आणि तेही कौतुकानं.

हे सगळं लिहून झाल्यावर परवा नामाला फोन लावला. चौऱ्याहत्तरीचा आहे आता, कान मंद झालेत, मोठ्यानं वाचावं लागतं. पहिल्या ओळीपासून वाचलं. तो मधे एकदाही बोलला नाही. मला वाटलं लाइन तुटली. विचारलं, "ऐकतोयस न्हवं?"

"ऐकतोय. लय लांबवलंयस."

"छापायला देऊ का? न्हाई म्हणालास तर फाडून टाकते. खरं सांगते, या वेळेला फाडते."

त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावल्याचा आवाज आला.

"दे," म्हणाला. "पर माझं नाव बदल. गावबी बदल."

"नामा, आता एवढ्या वर्षांनी? आता कोण..."

"माझं न्हाई गं. आता मला कोण काय करणार? नात पुण्याला नोकरीला हाय न्हवं. भाड्यानं खोली घेतलीय. घरमालकाला तिनं अजून आडनाव सांगितलं न्हाई. ती कवा सांगायचं ते ती बघंल."

मी बरं म्हटलं. म्हणून वर जिथं जिथं नामदेव लिहिलंय ते माझ्या भावाचं नाव नाही. आमचं गावही कुंडलच्या बाजूला नाही. आडनाव तर मी लिहिलेलंच नाही.